टाचण लिहायला बसलात की आधी शेवटचा प्रश्न लिहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: शिकवायला लागून फार दिवस झाले नाहीत, रात्री जागून टाचण (म्हणजे तासाचं लेखी नियोजन) लिहितो, स्लाइड्स बनवतो, एकेक मुद्दा नीट मांडतो, मुलं माना डोलावतात, 'समजलं का' विचारलं की 'हो' येतं, तरी घंटा वाजते तेव्हा निम्माच भाग झालेला असतो आणि दोन दिवसांनी तेच विचारलं की वर्ग गप्प. मग नियोजनात चुकतंय काय, आणि जुने शिक्षक एवढ्या कमी वेळात तयारी कशी करतात?

मी बरीच वर्षं शिकवतेय आणि नवीन शिक्षकांची टाचणंही बघते, त्यावरून सांगते. मेहनत कमी पडत नाहीये, ती भलत्या ठिकाणी जातेय. तुमचं कालचं टाचण काढा आणि त्यातली फक्त क्रियापदं बघा. शिक्षक सांगतील, शिक्षक दाखवतील, फळ्यावर आकृती काढतील, उदाहरण देतील, सारांश सांगतील. सगळ्या वाक्यांचा कर्ता तुम्हीच, मुलं कुठे आली असतील तर 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील' एवढीच. म्हणजे तुम्ही स्वतःच्या भाषणाचं नियोजन केलंय, तासाचं नाही. आणि भाषण कितीही चांगलं झालं तरी त्या वेळात समोरच्या मुलाच्या डोक्यात काय चाललंय हे कागदावर कुठेच नसतं, आणि लक्षात राहतं ते नेमकं तेच, ज्यावर त्याने डोकं चालवलं ते.

हे ऐकून बरेच जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात, म्हणजे ॲक्टिव्हिटी घालतात. पोस्टर बनवा, नाटुकलं करा. माझा पोस्टरला विरोध नाही पण एकदा नुसतं उभं राहून बघा, तीस मिनिटांतली पंचवीस मिनिटं मुलं शीर्षकाची अक्षरं रंगवत असतात, कुठला रंग कुणी आणला यावर वाद चालू असतो, विषयावर विचार होतो तो जेमतेम मजकूर कॉपी करताना, तोही होतोच असं नाही. हात चालू आहेत म्हणजे डोकं चालू आहे असं नसतं. म्हणून प्रत्येक टप्प्यासमोर मी एकच गोष्ट लिहायला सांगते, 'या पाच मिनिटांत मूल कशाचा विचार करत असेल?' उत्तर 'रंगाचा' किंवा 'वही कुठे गेली याचा' असं आलं तर तो टप्पा बदला.

आता सुरुवात कुठून करायची. शेवटून. तासाच्या शेवटच्या चार-पाच मिनिटांत मुलांना कुठला एक प्रश्न द्याल, जो सोडवता आला तर तुम्ही म्हणाल की हो, आजचं जमलं? तो आधी लिहा, शब्दशः, उत्तरासकट. ही कल्पना नवीन नाही, राल्फ टायलरने १९४९ मध्येच आधी उद्दिष्ट, मग अनुभव, मग मूल्यमापन अशी सांगड घातली होती आणि १९९८ मध्ये विगिन्स आणि मॅकटाय यांनी उलट्या दिशेने नियोजन करायची पद्धत सविस्तर मांडली, पण रोजच्या टाचणात हे क्वचित दिसतं. तिथे काय दिसतं, तर 'अपूर्णांकांची बेरीज समजून घेणे'. समजून घेतलं हे कळणार कसं? त्याऐवजी लिहा, '१/३ + १/४ सोडवून दाखवेल आणि उत्तर २/७ का असू शकत नाही हे एका वाक्यात सांगेल'. हे लिहिल्याबरोबर तासात काय लागेल आणि काय नाही हे आपोआप ठरायला लागतं, अर्धी स्लाइड्स तर इथेच गळून पडतात.

ब्लूमच्या क्रियापदांच्या यादीबद्दल, म्हणजे शिकण्याच्या पायऱ्या सोप्याकडून अवघडाकडे लावणाऱ्या त्या वर्गीकरणाबद्दल, विचाराल म्हणून सांगून टाकते. ते वर्गीकरण १९५६ चं, २००१ मध्ये सुधारलं गेलं, उपयोगी आहे, पण लोक टाचण सजवायला वापरतात. आधी तास ठरवायचा आणि मग यादीतून 'विश्लेषण करतो', 'मूल्यमापन करतो' असे वजनदार शब्द चिकटवायचे. आणि प्रत्येक तासात तळापासून शेंड्यापर्यंत चढायलाच हवं असंही काही नाही. काही तास नुसते सरावाचे असतात, काही नुसते चर्चेचे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

शेवटचा प्रश्न लिहून झाला की दुसरं काम, आणि माझ्या मते नियोजनातला सगळ्यात महत्त्वाचा वेळ इथे जायला हवा: मुलं काय चुकीचं उत्तर देतील आणि का देतील. अनुभवी शिक्षक भराभर तयारी करतात असं तुम्हाला वाटतं ना, त्याचं कारण बरंचसं हेच, चुकांची यादी त्यांच्या डोक्यात तयार असते. तुमच्याकडे नसेल तर शेजारच्या वर्गावरच्या शिक्षकांना विचारा, 'सर, या घटकात मुलं कुठे अडकतात?' दहा मिनिटांत जे मिळेल ते दोन तास इंटरनेट चाळून मिळणार नाही.

दशांश अपूर्णांकांचं उदाहरण घ्या. ०.३५ आणि ०.४ मध्ये मोठं कोण? बरीच मुलं ०.३५ म्हणतात, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठं, म्हणजे पूर्ण संख्यांचा नियम इथे लावतात. पण काही मुलांचा गैरसमज बरोबर उलटा असतो, टिंबानंतर अंक जास्त म्हणजे तुकडे बारीक, म्हणजे संख्या लहान, असं त्यांना वाटतं. ही मुलं ०.४ म्हणतील, उत्तर बरोबर, कारण चूक, आणि तुम्ही शाबासकी देऊन पुढे जाल. म्हणून जोडीला ०.४ आणि ०.६२ पण विचारायचं. इथे पहिल्या गटाचं उत्तर बरोबर येतं आणि दुसरा गट अडकतो. दोन्ही जोड्या बरोबर आल्या तरच समजायचं की स्थानिक किंमत कळलीय. हे दोन प्रश्न लिहायला दोन मिनिटं लागतात, पण वर्गात उभं राहून आयत्या वेळी सुचत नाहीत, आयत्या वेळी आपण सोपा आकडा उचलतो आणि तो नेमका काहीच उघड करत नाही. तसंच बेरजेचं, १/३ + १/४ = २/७ करणाऱ्या मुलाला 'छेद समान करायला विसरलास' एवढंच सांगितलं तर तो नियम आणखी एकदा पाठ करेल. त्याला विचारा, २/७ हे १/३ पेक्षा मोठं आहे का लहान? लहान आहे. काहीतरी मिळवलं आणि कमी झालं? किंवा त्याच्याच पद्धतीने १/२ + १/२ करायला लावा, २/४ येतं, म्हणजे अर्ध्यात अर्धं मिळवून परत अर्धंच. आता डोकं चालायला लागतं.

तिसरं काम वेळेचं. ४० मिनिटांचा तास ४० मिनिटांचा नसतो. आधीचे सर बाहेर पडणार, हजेरी, वह्या काढणं, कुणाचं पेन नाही, कुणाला बाहेर जायचंय, ३५ मिनिटं मिळाली तर नशीब. शिवाय जे गणित तुम्ही एका मिनिटात सोडवता त्याला मुलांना निदान तीन मिनिटं द्या, आणि लिहून काढायचं असेल तर त्याहून जास्त. टाचणाच्या समासात प्रत्येक टप्प्यासमोर मिनिटं लिहा, आणि एक टप्पा आधीच निवडून त्यावर खूण करा की वेळ कमी पडला तर हा जाईल. सगळ्यांची सवय अशी की वेळ कमी पडला की शेवटचा टप्पा जातो, म्हणजे नेमकं ते पाच मिनिटांचं तपासणं, ज्यासाठी बाकीचा तास होता. तो कधीच कापायचा नाही. कापायचा तर मधला सराव कापा, तिसरं उदाहरण कापा, तुमची आवडती गोष्ट कापा (हो, तीच आधी).

आता एक पूर्ण तास रचून दाखवते म्हणजे नुसत्या गप्पा होणार नाहीत. विषय विज्ञान, वनस्पतींचं वजन कुठून येतं. प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण आधी होऊन गेलंय, मुलं ते घडाघडा म्हणतात, तरी 'झाडाचं लाकूड कशापासून बनलं' विचारलं की 'मातीतून' म्हणतात. तर शेवटचा प्रश्न असा लिहिला: 'एक रोप वर्षभरात २ किलोने वाढलं, कुंडीतली माती जवळपास तेवढीच राहिली. तुझा मित्र म्हणतो की सगळं वजन खतातून आलं. तो कुठे चुकतोय हे दोन-तीन वाक्यांत लिही.' यात समीकरण लिहा असं कुठेच म्हटलेलं नाही, मुद्दाम, कारण पाठ केलेलं समीकरण लिहून मुलं सुटतात.

पहिली ५ मिनिटं मागचे तीन छोटे प्रश्न, त्याबद्दल पुढे सांगते. मग ४ मिनिटं अंदाज. फळ्यावर प्रयोग मांडायचा, यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्माँटचा, जो त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापला गेला. त्याने २०० पौंड कोरडी माती मोजून कुंडीत भरली, ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं १६९ पौंडांच्या वर. मग थांबायचं, आणि प्रत्येकाने वहीत आकडा लिहायचा की माती किती पौंड उरली असेल. सगळ्यांनी लिहायचंच, नुसता हात वर नाही, कारण एकदा आकडा लिहिला की मूल त्यात अडकतं, त्याला उत्तर ऐकायचं असतं. मग सांगायचं, माती कमी झाली फक्त साधारण २ औंस. वर्गात गलका होतो, होऊ दे.

पुढची ६ मिनिटं जोडीने, 'मग हे १६४ पौंड आले कुठून?' बरीच मुलं पाणी म्हणतात, आणि व्हॅन हेल्माँटनेही हेच म्हटलं होतं. इथे एक मजा आहे जी मला या तासात फार आवडते, 'गॅस' हा शब्द ज्याने घडवला तोच हा माणूस, आणि त्यालाच हवेचा भाग दिसला नाही. मुलांना हे सांगितलं की 'पाणी' म्हणणाऱ्यांना वाईट वाटत नाही. त्यानंतर ६ मिनिटं तुमचं स्पष्टीकरण, तासातलं एकमेव मोठं, कार्बन डायऑक्साइड, पाणी, प्रकाश हे आधीच माहीत असलेलं समीकरण या १६४ पौंडांशी जोडायचं. ओल्या झाडात बरंच वजन पाण्याचं असतंच, ते नाकारायचं नाही, पण वाळलेल्या लाकडाचा मोठा भाग हवेतून घेतलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून आलेला असतो.

मग ४ मिनिटं कळीचा प्रश्न, ज्यावरून पुढे जायचं की थांबायचं हे तुम्ही ठरवणार. 'लाकडातलं सगळं पाणी काढून टाकलं. उरलेल्या वजनाचा सगळ्यात मोठा भाग मूळचा कुठून आला? माती, पाणी, हवा की सूर्यप्रकाश?' सगळ्यांनी एकाच वेळी पाटीवर किंवा कागदावर एक अक्षर लिहून वर धरायचं. या चार पर्यायांत एकही भरतीचा नाही हे बघा. माती म्हणणारा अजून सुरुवातीलाच आहे. पाणी म्हणणारा व्हॅन हेल्माँटपर्यंत पोचलाय. सूर्यप्रकाश म्हणणारा ऊर्जा आणि पदार्थ यांची गल्लत करतोय. चुकीचं उत्तरच सांगतं की आता काय बोलायचं.

आणि ते काय बोलायचं हेही टाचणात आधी लिहिलेलं हवं. हा भाग जवळजवळ सगळ्या टाचणांत गायब असतो. मातीवाले जास्त निघाले तर माझं वाक्य तयार असतं, मातीशिवाय नुसत्या पाण्यात क्षार घालून वाढवलेल्या रोपांचं काय? पाणीवाले जास्त निघाले तर, लाकूड अर्धवट जाळल्यावर जो काळा कोळसा उरतो तो बहुतेक कार्बन, पाण्याच्या सूत्रात कार्बन कुठे दिसतो का? सूर्यप्रकाशवाले निघाले तर, दगड दिवसभर उन्हात ठेवला, संध्याकाळी जड झाला का? हे लिहिलं नसेल तर होतं काय की निम्मा वर्ग चुकला हे दिसतं आणि आपण तेच मघाचं स्पष्टीकरण जरा हळू आणि जरा मोठ्या आवाजात परत सांगतो. पुढे कधी जायचं याला माझा ढोबळ हिशोब असा, ८० टक्के बरोबर असतील तर पुढे, उरलेल्यांना लिहिण्याच्या वेळात जाऊन गाठायचं. साधारण निम्मे बरोबर असतील तर शेजाऱ्याला कारण पटवून द्या म्हणायचं आणि पुन्हा पाट्या वर. फार कमी बरोबर असतील तर तयार ठेवलेलं दुसरं उदाहरण. बराक रोझेनशाइनने प्रभावी शिक्षकांवरचं संशोधन २०१२ मध्ये एकत्र मांडलं होतं त्यातही सरावाच्या वेळी साधारण ८० टक्के यश असावं असंच आहे. सगळ्यांचं सगळंच बरोबर येत असेल तर प्रश्न फार सोपे आहेत असंही समजा.

उरलेल्या वेळात ६ मिनिटं एक आकृती, बाणांना नावं देणं, कुठून काय आत येतं आणि कुठे जातं, स्वतःचं स्वतः, आणि शेवटची ४ मिनिटं तो खतवाला प्रश्न. बेरीज केलीत तर ३५ होतात. वेळ कमी पडला तर आकृती जाईल, तिच्यावर खूण आहे.

'समजलं का?' हा प्रश्न मात्र टाचणातून आणि तोंडातून काढूनच टाका. त्याला 'नाही' म्हणायला जेवढं धैर्य लागतं तेवढं चाळीस मुलांसमोर कुणाकडे नसतं, आणि खरं तर ज्याला समजलं नाही त्याला ते समजलं नाही हेही बऱ्याचदा कळलेलं नसतं.

प्रश्न विचारल्यावर थांबण्याबद्दल. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग्ज तपासली तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, मग स्वतःच बोलतात नाहीतर दुसऱ्याला विचारतात. हा थांबा तीन सेकंदांवर गेला की उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. ऐकायला सोपं आहे पण वर्गात तीन सेकंद शांतता भयानक लांब वाटते, म्हणून मी टाचणात प्रश्नापुढे सरळ 'थांब' असं लिहायला सांगते. आणि नाव प्रश्नानंतर घ्या. 'अमुक तमुक, सांग बरं...' असं सुरू केलं की बाकीच्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला म्हणून समजा. तासातले तीन-चार मुख्य प्रश्न शब्दशः लिहा, बाकीचे सुचतील तसे.

नवीन भाग किती घ्यायचा? तुम्हाला वाटतो त्याच्या निम्मा. माणूस एका वेळी डोक्यात साधारण चारच नव्या गोष्टी धरून ठेवू शकतो असा नेल्सन कोवान यांचा २००१ चा अंदाज आहे, आणि मुलं त्याच वेळी फळा उतरवत असतात, तुमचं ऐकत असतात, शेजारचा काय करतोय हेही बघत असतात. त्यामुळे नवीन पद्धत शिकवताना एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवा, प्रत्येक पायरीला 'मी हे का केलं' बोलत, मग दुसरं अर्धवट सोडवलेलं द्या ज्यातल्या शेवटच्या दोन पायऱ्या मुलांनी करायच्या, मग तिसरं त्यांचं त्यांनी. नवख्या मुलांना 'स्वतः शोधून काढा' म्हणून सोडलं की चार हुशार मुलं शोधतात आणि बाकीची त्यांच्या वहीत बघतात. मात्र एकदा जमायला लागलं की सोडवलेली उदाहरणं दाखवत बसू नका, तिथे ती उलट कंटाळा आणतात. आणि स्लाइडवर परिच्छेद टाकून तोच वाचून दाखवू नका हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते, कारण अजूनही हे सगळीकडे चालतं.

आता तुमच्या दुसऱ्या तक्रारीकडे, दोन दिवसांनी काहीच आठवत नाही. त्याचा उपाय त्याच तासात नाहीये, पुढच्या तासांत आहे. कितीही छान शिकवलं तरी विसरणं होणारच. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले, काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. म्हणजे तासाला जे छान वाटतं ते नंतर टिकेल असं नाही. म्हणून ती पहिली ५ मिनिटं: एक प्रश्न कालचा, एक मागच्या आठवड्याचा, एक मागच्या महिन्याचा, पुस्तक बंद, वहीत उत्तर, मार्क नाहीत, लगेच उत्तर सांगून स्वतः तपासणं. मार्क दिले की कॉपी सुरू होते, म्हणून नाहीत. तिसरा प्रश्न निवडताना आजच्या तासाला लागणारा जुना भाग निवडा, म्हणजे उजळणी आणि प्रस्तावना एकाच दगडात.

सरावाच्या गणितांचंही तसंच. पुस्तकात एका प्रकारची पंधरा गणितं ओळीने असतात, मूल पहिली दोन बघून सोडवतं आणि पुढची तेरा हाताच्या सवयीने, कुठली पद्धत वापरायची हा विचारच करावा लागत नाही. रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार प्रकारच्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं, एका गटाला गणितं प्रकारवार, दुसऱ्याला सरमिसळ. सरावात प्रकारवार गटाची ८९ टक्के बरोबर, सरमिसळ गटाची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तर उलटं, प्रकारवार गट २० टक्क्यांवर आणि सरमिसळ गट ६३ वर. मी गृहपाठात आजच्या प्रकारची तीन-चारच ठेवते आणि बाकी जुनी मिसळते. पालकांची आणि कधीकधी मुख्याध्यापकांची तक्रार येते की आज शिकवलेलं कमी दिलंत, तेव्हा हे आकडे कामी येतात.

वर्गात पुढची, मागची, मधली सगळीच मुलं असतात, मग तीन टाचणं करायची का? नाही, कुणाकडे एवढा वेळ नाही आणि तीन वेगळी कामं दिली की मागे असलेली मुलं कायम सोपंच करत राहतात. प्रश्न एकच ठेवा, आधार वेगवेगळा द्या. कुणाला पहिली पायरी लिहून दिलेली चिठ्ठी, कुणाला लागणाऱ्या शब्दांची यादी, कुणाला काहीच नाही. लवकर संपवणाऱ्याला आणखी दहा गणितं देणं म्हणजे हुशारीची शिक्षा, त्याला तेच खोलात न्या, 'मित्राने २/७ उत्तर काढलं, त्याला न रागावता पटवून देणारी तीन वाक्यं लिही'. आणि कुणी डोळ्यांनी शिकणारा, कुणी कानांनी, कुणी हातांनी अशा याद्या करून तीन प्रकारचं साहित्य बनवत असाल तर ते थांबवा. २००८ मध्ये पाशलर आणि सहकाऱ्यांनी यावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा त्याप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही असंच निघालं. आकृती दाखवायची ती विषयाला आकृती लागते म्हणून.

तपासणीला येणाऱ्या साहेबांना दाखवायच्या टाचणाबद्दल. हर्बार्ट या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या अनुयायांनी घडवलेली ती पंचपदी, प्रस्तावना, विषय विवेचन, तुलना, निष्कर्ष, उपयोजन, अजूनही बऱ्याच छापील नमुन्यांत कुठल्या ना कुठल्या रूपात असते. नमुना भरायला लागत असेल तर भरा, त्यावर भांडून शक्ती घालवू नका, पण वर्गात नेताना वेगळा एक कागद न्या. माझ्या कागदावर एवढंच असतं: वर शेवटचा प्रश्न, खाली टप्पे आणि मिनिटं, मुख्य प्रश्न शब्दशः, अपेक्षित चुका आणि त्यांना उत्तरं, कापायच्या टप्प्यावर खूण. एक पान. तेवढं मावत नसेल तर तासही मावणार नाही.

आणि वेळ वाचवायचा असेल तर एकेक तास सुटा प्लॅन करू नका. आधी पूर्ण घटक घ्या, समजा आठ तास आहेत, आठही तासांचे शेवटचे प्रश्न एका बैठकीत लिहा. दोन प्रश्न सारखेच निघाले तर दोन तास एक करता येतात, एकात तीन गोष्टी विचारल्यात असं दिसलं तर तो फोडावा लागतो. आठातले सातच भरा, एक रिकामा ठेवा. नवीन शिक्षक तो कधीच ठेवत नाहीत आणि मग महिन्याच्या शेवटी पोर्शन संपवायला पळतात.

तो रिकामा तास कशाला ते आता. शेवटच्या प्रश्नाच्या चिठ्ठ्या गोळा केल्या की लाल पेन घेऊन तपासत बसू नका, मार्क देऊ नका. टेबलावर तीन ढीग करा: जमलेले, थोडक्यात अडकलेले, मुळातच चुकलेले. चाळीस चिठ्ठ्यांना दहा मिनिटं पुरतात. मधल्या ढिगातली सगळ्यात जास्त वेळा आलेली चूक उद्याच्या पहिल्या पाच मिनिटांतला प्रश्न होते, म्हणजे उद्याच्या टाचणाची पहिली ओळ तयार. तिसऱ्या ढिगात पाच-सहा चिठ्ठ्या असतील तर त्या मुलांना लिहिण्याच्या वेळात जवळ बसवून घ्या. पण तिसरा ढीगच सगळ्यात उंच असेल तर उद्याचा नवीन भाग पुढे ढकला आणि तो रिकामा तास तिथे वापरा, आणि जाताजाता आजच्या कागदाच्या तळाशी तारीख टाकून दोन ओळी लिहून ठेवा की कुठलं उदाहरण चाललं नाही, पुढच्या वर्षी हाच कागद काढाल तेव्हा तयारी अर्ध्या वेळात होईल.